बिस्किटांचा पुडा

प्रिय दादा,

हे पत्र मी तुला देणार नाही. तू ते वाचून खो खो हसशील, आणि हल्ली मला तुझ्या त्या हसण्याचीच धास्ती वाटते.

परवा डॉक्टर आपल्याला बाबांच्या मेंदूचे फोटो दाखवत होते. तू वायरमन, म्हणून ते तुझ्याच भाषेत बोलले: बाबांच्या डोक्यात आठवणींचे भाग जोडणाऱ्या तारा सैल झाल्यात. मग सहज म्हणाले, "या आजाराच्या दुसऱ्या एका प्रकारात आठवणी बराच काळ शाबूत राहतात. समोरच्याचं दुखणं जाणवून देणाऱ्या तारा आधी जातात."

मी तुझ्याकडे पाहिलं. एरवी तू प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं असतंस. तेव्हा मात्र तू त्यांच्या टेबलावरची बिस्किटं न विचारता खात होतास, पुडा संपेपर्यंत.

तुला सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत. कुणाच्या घरी कधी फ्यूज उडाला, तेही तू सांगतोस. म्हणून वहिनी म्हणते, "तऱ्हेवाईक झालेत, दुसरं काही नाही." मीही तिच्या होला हो केलं.

पण काल बाबा बाथरूममध्ये घसरून पडले, तेव्हा तू त्यांना ओलांडून गेलास आणि निवांत हात धुतलेस. मी धावत येऊन त्यांना उठवलं. गेलं वर्षभर बाबांना तुझं नाव आठवत नाही. कपाळातून रक्त येत होतं, तरी ते तुझ्याकडेच बघत राहिले. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हा कोण आहे गं? याला बरं नाहीये. आधी याला डॉक्टरकडे ने."

तुझीच,
छकुली