गिअर परत मिळालं

प्रिय फाइलिन,

गिअर मिळालं. आमच्या कारखान्यातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी तुझ्या आईनेच, मावशींनीच, आणून दिलं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सीनियरांनी रिवाजाप्रमाणे ते पितळी चाक माझ्या हातात ठेवलं आणि मी ते तुझ्या गळ्यात घातलं, तेव्हा अख्खं वर्कशॉप ओरडलं होतं, "गेलं! इंजिनिअरचं काळीज गेलं!"

पदवीने मला नोकरीसाठी चांगलं तयार केलं. हाताची कुठली हालचाल वाया जाते, ते मला लांबूनही दिसतं. मावशी स्क्रू घ्यायला वळायच्या, वळताना शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजायच्या आणि दोघी खिदळायच्या. मी स्क्रूचा ट्रे हाताशी आणून ते वळणं बंद केलं. मग मावशींचीच गरज उरली नाही. त्यांच्या जागी यंत्राचा हात आहे. तो हसत नाही.

गेटपाशी मावशींनी विचारलं, "चार वर्षं हेच शिकलास होय रे?"

"हो, मावशी."

"मग मार्क चांगले पडले असतील." त्यांनी चिकट भाताचा डबा पुढे केला. "खा. नुसता वाळलायस."

भाताखाली, केळीच्या पानात, गिअर होतं.

भात खाल्ला. रडू आलं नाही. सवयीने गिअर भिंगाखाली धरलं. एकही दात झिजलेला नाही. नवं असावं तसं आहे. दुसऱ्या चाकाला कधी लागलंच नाही, तर झिजणार कसं?

हे पत्र पाठवायचं तर तुझा पत्ता मावशींना विचारावा लागेल. काम गेल्यावर त्या आता इथे, रयोंगमध्ये नाहीत.

चांगल्या मार्कांचा,
थनवत