बोट दाखवलं, पाहिलं नाही

रविवार, १४ जून

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. या दमट हवेत तुमची कंबर कुरकुरत असणार आणि चिहारूताई तुम्हाला जागचं हलू देत नसणार. आईने लोकाटच्या फळांची पेटी पाठवली आहे. खालची आधी खा, ती वाटेत मऊ पडली असतील. मांजर बरी आहे, आई बरी आहे, गोदीतही सगळं ठीक आहे.

एवढं लिहून पत्र संपवणार होते. संपवलंही होतं, मग फाडलं.

मामा, मला भीती वाटते. एप्रिलमध्ये तुम्ही निवृत्त झालात आणि तुमची टोळी माझ्या गळ्यात पडली, तेव्हापासून रोज सकाळी कवायतीच्या आधी मी संडासात जाऊन ओकते. तोंड धुते, हेल्मेट चढवते आणि टोळीच्या रिंगणात उभी राहून तुमच्यासारखा दणदणीत आवाज काढते. मुकादमाच्या चेहऱ्यावर भीती दिसली की टोळी ढासळते, असं तुम्हीच म्हणायचात ना? इशिमारूकाका तर म्हणाले, म्हातारा गेलाच नाही, नुसती दाढी काढून आलाय. सगळे खिदळले. मला मेलीला ते कौतुकच वाटलं.

रिंगणात रोज कोणीतरी आदल्या दिवशी काय बघून काळजात धस्स झालं ते सांगतं. कोणाचा पाय घसरलेला असतो, कोणाच्या हातून पाना पडलेला असतो. तुम्ही स्वतःचं कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. म्हणून मीही सांगत नव्हते.

गुरुवारी जहाजाच्या बुडाचा एक भलामोठा तुकडा उचलायचा होता. वारा वाढत चालला होता. साहेब मागे येऊन उभे राहिले, आधीच उशीर झालाय म्हणाले. थांबूया, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणतील, बाई घाबरली. मी साखळीकडे बोट केलं आणि ओरडले, "साखळी, ठीक!" दिवसभर प्रत्येक गोष्ट तपासताना तेच करतो आपण, बोट आपोआप उठतं, तोंड आपोआप बोलतं. डोळे मात्र माझे साहेबांच्या चेहऱ्यावर होते. साखळीचा एक आकडा नीट अडकलाच नव्हता.

तुकडा वर गेला, कलला आणि डावीकडून इशिमारूकाकांच्या अंगावर झुलत आला. आम्ही सगळे बोंबलत होतो आणि काका मात्र आवाज कुठून येतोय ते शोधत ढिम्म उभे. हेल्मेट उडून पडलं. डोकं वाचलं, कसं ते देव जाणे. साहेब म्हणाले, वारा फार होता. सगळ्यांनी मान हलवली. मीपण हलवली.

शुक्रवारी सकाळी माझी पाळी नव्हती, तरी बोलले. आकड्याचं सांगितलं. रोज ओकते तेही सांगून टाकलं. तुमचा आवाज काढायला गेले तर निघेचना, माझाच चिरका आवाज आला. कोणी हसलं नाही, कोणी धीरही दिला नाही. वाटलं, संपलं आता.

मग इशिमारूकाका खाली बघत म्हणाले, "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. हिवाळ्यापासून."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"कोणाला बोलू? तू तर कशालाच घाबरत नव्हतीस. आणि कुरामोतोला, तुझ्या मामाला, सांगितलं होतं. तो म्हणाला, गप्प राहा, मी सांभाळून घेतो."

मामा, तुम्ही घेतलंतही सांभाळून. पण जाताना मला सांगितलं नाहीत. मित्राची नोकरी वाचवायची होती, मला कळतं. तरी तुमचा राग आलाय, आणि तुमच्यावर रागावायचं कसं ते मला कधी कोणी शिकवलं नाही.

इशिमारूकाकांना मी सध्या दोरखंडांच्या कोठीत कामाला बसवलंय. माझ्याशी बोलत नाहीत. काकू दुकानात दिसल्या, तोंड फिरवून गेल्या. टोळीतला एक जण मात्र काल आपणहून येऊन म्हणाला, क्रेनचा ब्रेक गेल्या महिन्यापासून झटका देतोय. इतके दिवस का लपवलं, ते मी विचारलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आणि इतका वेळ लोकाटबिकाट लिहीत बसले, ते लिहिते. साहेब रिंगणात नसतात, त्यांना अजून काही माहीत नाही. उद्या मी त्यांच्याकडे जाणार आहे. आकड्याचं सांगेन, डोळ्याचं सांगेन. तुम्हाला ठाऊक होतं, हेही सांगेन. ते मला काढतील की ठेवतील, कळत नाही. तुमच्या नावाला बट्टा लागेल, एवढं मात्र कळतं. गोदीत अजून तुमचं नाव काढलं की माणसं ताठ उभी राहतात, मामा, आणि मी ते मोडायला निघालेय. मला उद्याची फार भीती वाटते. साहेबांची कमी, तुमची जास्त.

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. मुद्दाम फोन केला नाही. तुमचा आवाज ऐकला असता तर मी गेलेच नसते. पत्र हातात पडेल तोवर सांगून झालेलं असेल.

तुमचीच भाची,
आणि तुमच्या टोळीची मुकादम, निदान आजच्यापुरती,
कानाए