अळ्यांची पट्टी

चि. ठमे,

मैत्रिणीकडे राहायला जाते, ही थाप होती. मी दवाखान्यात आहे. पोटातल्या जंतांवरच्या नव्या लसीची चाचणी चाललीय. लस टोचून झाली. ती लागू पडते का ते बघायला काल डॉक्टरीणबाईंनी हातावर जंतांच्या जिवंत अळ्यांची पट्टी बांधली. कातडीतून आत शिरताना त्या खाज आणून जीव नकोसा करतात.

शेजारच्या खाटेवरचा माळी म्हणतो, "मावशी, मला खाजच नाही. माझी लस खरी, तुम्हाला नुसतं पाणी टोचलंय."

बाई म्हणाल्या, "कोणाला काय टोचलं ते मलाही माहीत नाही. भांडू नका."

जंत मारायची गोळी मागितली की लगेच मिळते, पण मग माझी चाचणी फुकट. तुझा मामा लहानपणी जंतांनीच रक्त आटून गेला. तेव्हा काय मागायचं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

हे पत्र टाकलं तर तू तडक न्यायला येशील, आणि तुझा चेहरा बघून मी गोळी घेईन. म्हणून टाकत नाही. घरी आले की हातातच देईन, मग मनसोक्त रागाव.

तुझी,
खाजवत बसलेली आई