आधी आवशीक वाढ

आये, तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि मी आज कागद घेऊन बसलेय. चौथी शिकलेली मी, जोडाक्षर आलं की अजून जिभेचं टोक बाहेर येतं. पण काल अशी गोष्ट झाली की तुला सांगितल्याशिवाय राहवेना. दुसऱ्या कुणाला सांगू? आमची परळची चाळ पाडली, तिथंच सतराव्या मजल्यावर घर मिळालंय. वारा भरपूर, पण शेजार नाही. दार वाजलं तर कुरिअरवाला. असो, ते राहू दे.

तर तुझ्या नातीची लेक, म्हणजे माझी नात. तिला तू बघितलंच नाहीस. शिकूनसवरून काय करते माहीत आहे? कुठं पूर आला, दरड कोसळली, आग लागली की तिथल्या माणसांच्या पोटात काय जातंय ते बघायचं. नोकरीच तशी. मी म्हटलं, "म्हणजे वाढपीण झालीस!" तर म्हणते, "आजी, वाढपीण काय गं, न्यूट्रिशनचं काम आहे." मी म्हटलं, तेच ते, पगार बरा असला म्हणजे झालं. गेल्या आठवड्यात रे रोडला लाकडाच्या वखारींमागं आग लागली. माणसं वाचली, झोपड्या गेल्या. सगळ्यांना म्युन्सिपालिटीच्या शाळेत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही माझ्या दारात. "आजी, चप्पल घाल, चल. एक बाई आहे, तिचं दीड महिन्याचं बाळ आहे. दूध येत नाही म्हणते. मी समजवायला गेले तर मलाच विचारते, तुमको बच्चा है क्या?" मला हसू आलं. म्हटलं, खरंच विचारलं की तिनं.

शाळेच्या फाटकात एक भला माणूस टेम्पो घेऊन उभा, आत दुधाच्या पावडरीचे डबे. आपली पोर त्याला आत सोडेना. तो तापला. "बाळं रडतायत आणि तुम्ही डबे अडवता? पुण्याचं काम आहे, मॅडम!" ती म्हणाली, "सर, एवढ्या माणसांत दोन नळ. बाटली उकळणार कुठं? ज्या बाळाला आईच नाही त्याचं डॉक्टर बघतायत. बाकीच्यांना डबा वाटला तर आईचं आहे ते दूधही जाईल. द्यायचंच तर आयांसाठी अंडी द्या, शेंगदाणे द्या." तो पुटपुटत गेला. आणि आये, मला आमची मोरी दिसायला लागली.

संपाचं साल. ह्यांची गिरणी बंद, माझी पहिली पोरगी दोन महिन्यांची, घरात पेजेपुरते तांदूळ असले तर असले. चाळीत कुणीतरी असेच डबे वाटले, मलाही एक मिळाला. केवढा आनंद! पण पुरवायचा किती दिवस? म्हणून मी बाटलीभर पाण्यात एकच चमचा घालते. पोरगी पाण्यासारखी हगायला लागते, डोळे खोल जातात. तू लालबागहून येतेस, बाटली उजेडात धरतेस. "काय गो ह्या? दूध हा की कपडे धुवलेला पाणी?" आणि ओततेस मोरीत! मी तुझ्या अंगावर धावून गेले. माझ्या पोरीच्या तोंडचं काढलंस, वैरीण आहेस, म्हटलं. तू पोरीला उचललंस, थेट दवाखान्यात नेलंस, संध्याकाळी परत आणून माझ्या छातीशी दिलंस. मी रडत म्हणतेय, दूध आटलंय माझं. तू म्हणालीस, "आटूक नाय गो, तू भियालंस. पोटात काय नाय तर अंगार दूध खयसून येतला?" इतक्यात हे हात धुऊन पाटावर बसले, सवयीनं. जावईमाणूस, पण तू त्यांच्यासमोरचं ताट उचलून माझ्यापुढं सरकवलंस. "आधी आवशीक वाढ. मगे बाकीच्यांका." बिचारे उठून पाणी प्यायले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग तू रोज डबा घेऊन येत राहिलीस. कधी नाचणीची पेज, कधी कुळथाची पिठी, वर जवळ्याची चिमूट. आठ-दहा दिवसांत पोरगी पिऊन झोपायला लागली.

तर ती शाळेतली बाई. पोर कोवळी, केसांना अजून धुराचा वास. पुढ्यात खिचडीचं ताट, आणि ती घास भरवतेय थोरल्या मुलीला, उरलेलं सासूकडं सरकवतेय. मला बघून म्हणाली, "दादी, दूध सूख गया मेरा." माझं हिंदी तुला माहीत आहे. म्हटलं, "सूख्या नहीं रे बाबा, तू घाबर गई." ती चक्क हसली. नातीनं वर्गाच्या कोपऱ्यात चादर बांधून आडोसा केला, थोरलीला आणि सासूला वेगळी ताटं आणून दिली. मी बाळ तिच्या उघड्या छातीशी ठेवलं आणि तिच्या ताटासमोर हवालदारासारखी बसले. "पूरा खा. मैं इधरसे हिलनेवाली नहीं." सासू कुरकुरली, "पहले घरवाले खाते हैं." मी म्हटलं, "घरवाला दूध पिलाएगा क्या?" चादरीपलीकडे सगळ्या बायका फिदीफिदी. तीन दिवस गेले मी. बाळ ओढायचं, सोडायचं, किंचाळायचं. परवा घरी येताना माझा धीर सुटला होता, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनीही बाळाचं वजन दोनदा करून बघितलं होतं. आणि काल दुपारी नातीचा फोन, ओरडतच, "आजी, सहा लंगोट भिजवले! सकाळपासून सहा! दूध पोटात जातंय!" आये, कुणाच्या मुतण्यानं मला एवढा आनंद झाला नव्हता. मी लिफ्टमनला सांगितलं. त्याला वाटलं मला पणतू झाला, पेढे मागायला लागला.

संध्याकाळी नात येऊन बिलगली. "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी तुझं सगळं सांगितलं तिला. मोरी, पाटावरून उठलेले आजोबा, सगळं. एक सोडून. ते इथं लिहिते, कारण हा कागद कुठं जायचा नाही. रोज मला वाढल्यावर मी विचारायचे, "आये, तू?" आणि तू म्हणायचीस, "प्रभादेवीक तुझ्या मावशेकडे जेवान इलंय." जेवून आलेय म्हणे! मावशी त्या साली गावाला निघून गेली होती. तिच्या खोलीचं कुलूप मी स्वतः बघून आले होते. मला ठाऊक होतं, आये. तरी मी डबा बोटांनी पुसून खायचे, आणि गोड लागायचा.