मांजराच्या स्वर्गप्राप्तीचा प्रश्न

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दोन्हींची चौकशी स्वतंत्रपणे करतो आहे, कारण मागच्या कार्डात तू उजव्याविषयी समाधान व्यक्त केले होतेस आणि डाव्याविषयी मौन पाळले होतेस. (त्या कार्डात एकूण दोन वाक्ये होती. गेली अकरा वर्षे तुझी कार्डे दोनच वाक्यांची असतात. मी मोजतो असे नाही, लक्षात येते.) माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त डाव्या मनगटावर चार ओरखडे आहेत, त्यांचा उलगडा यथाक्रम होईल.

चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने सहासष्टाव्या वर्षी चर्चचा पाळक होण्यासाठी ईश्वरज्ञानाच्या महाविद्यालयात नाव घालावे, याला तू 'खूळ' म्हणाली होतीस. शब्द सौम्य होता, हे आता मान्य करतो. वसतिगृहातला माझा पलंग विशीतल्या पाठीसाठी बनवलेला आहे. टेबलाला तीन खण आहेत. त्यांपैकी खालचा सध्या मी कोणाला उघडू देत नाही. वर्गातली मुले मला 'आजोबा' म्हणतात आणि परीक्षा जवळ आली की 'सर' म्हणतात. ग्रीक भाषेत आणि चर्चच्या इतिहासात मी पहिला आलो. उपदेशाच्या तासाला मात्र प्रत्येकाला बारा मिनिटे असतात, आणि बाराव्या मिनिटाला घंटा झाली तेव्हा मी प्रीतीविषयीच्या पहिल्या संभाव्य आक्षेपाचे खंडन करत होतो. (प्रीतीपर्यंत मी पोहोचलोच नाही. शिक्षकांनी शेऱ्यात नेमके हेच लिहिले. त्यांना वाटले, ते विनोद करत आहेत.)

तरीही सारे निभावले. उरला एकच विषय, पाळकीय भेट. आजारी किंवा दुःखी माणसाजवळ जाऊन बसायचे, आणि परतल्यावर दोघे काय बोलले त्याचा शब्दशः अहवाल लिहायचा. यात उत्तीर्ण झालो तर महिनाअखेरच्या रविवारी दीक्षा. नाही तर आणखी एक वर्ष याच पलंगावर. दीक्षेच्या वेळी उमेदवाराच्या शेजारी घरचे एक माणूस उभे राहते. घरचे म्हणावे असे मला कोण उरले आहे, हे तुला ठाऊक आहे. हे येथे केवळ माहितीसाठी नमूद करतो.

माझ्या वाट्याला एक घड्याळजी आला. वय बहात्तर, खुब्याचे हाड मोडलेले, खोलीत चौदा घड्याळे आणि त्यांत कोणत्याही दोघांचे एकमत नाही. (दुसऱ्यांची घड्याळे दुरुस्त करण्यात आपल्या घड्याळांना वेळ मिळाला नाही, असे त्याचे स्पष्टीकरण. ते मी खोडून काढले नाही. एवढे श्रेय मला द्यावे.) हा गृहस्थ इस्पितळात असताना त्याची मांजर मेली. नऊ वर्षांची सोबत. मी खुर्ची ओढून बसलो, तोच त्याने विचारले, "काय हो, आमची राणी स्वर्गात गेली असेल ना?"

ताई, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते. पहिले विधान: अमरत्व विवेकी आत्म्याला आहे. दुसरे: मांजराच्या ठायी विवेक नाही. तिसरे तू जाणतेसच. मी तिन्ही सावकाश आणि शक्य तितक्या प्रेमळ आवाजात सांगितली. घड्याळजीने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तुम्ही ओळखत होता तिला?" मी म्हणालो, नाही. "मग तिला विवेक नव्हता हे कोणी सांगितलं तुम्हाला?" हा व्यक्तिगत अनुभवावर आधारलेला आक्षेप असून सर्वसामान्य विधानाला तो बाधक ठरत नाही, असे मी समजावत असतानाच तो भिंतीकडे तोंड करून निजला. अहवालाच्या शेवटी मी लिहिले: 'रुग्णाकडून प्रतिवाद आला नाही.'

हा विषय शिकवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या. वयाने माझ्या निम्म्या, आणि इंजेक्शन टोचण्यापूर्वी हसण्याची सवय त्यांनी अद्याप सोडलेली नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अहवाल वर्गापुढे दोघांनी वाचून दाखवायचा. मात्र घड्याळजी मी व्हायचे आणि मी व्हायचे वर्गातल्या चिमणीने. चिमणी म्हणजे तेवीस वर्षांची, हातभर उंचीची आणि मैलभर आवाजाची मुलगी. तिने माझा चष्मा मागून घेतला, नाकाच्या टोकावर ठेवला, दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवली आणि अशा काही सुरात 'पहिले विधान' म्हणाली की मागच्या बाकावरचा एक जण बाकावरून खाली आला. मीही हसलो. मग तिने दुसरे म्हटले. तिसरे सुरू झाले तेव्हा मी भिंतीकडे तोंड केले. अहवालात तसे लिहिले होते म्हणून नव्हे.

वाचन संपल्यावर बाईंनी विचारले, "ही तीन वाक्यं याआधी कुणाला ऐकवली होती का हो?" साक्षीदाराला विचारावे तसे विचारले, म्हणून साक्षीदाराप्रमाणे उत्तर दिले. होय, एकदा, अकरा वर्षांपूर्वी, थोरल्या बहिणीला, तिचा कुत्रा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिच्याच स्वयंपाकघरात. तू ओट्याशी पाठमोरी उभी होतीस. माझे बोलणे संपल्यावर तू म्हणालीस, "झालं? चहा पी आणि जा." तेव्हाही प्रतिवाद आला नव्हता. मी वाद जिंकलो असे समजून चहा प्यायलो, आणि गेलो.

बाईंनी मला आणखी एक संधी दिली. अट एकच, की मी विधान करायचे ते फक्त विचारले तर. घड्याळजीने दार उघडायला लावले खरे, पण स्वागत "या वकीलसाहेब, आज कोणाला नरकात पाठवायचंय?" असे केले. मी विचारले, मांजर दिसायला कशी होती? या एका प्रश्नाचे उत्तर पावणेदोन तास चालले. (चौदा घड्याळांपैकी सर्वांत विश्वासू घड्याळाप्रमाणे.) शेवटी त्याने मला नीट उभे राहायला सांगितले आणि म्हणाला, "एवढं ऐकलंत ना, मग आता तिची रीतसर प्रार्थना करा. तिला नुसतं खड्ड्यात घातलंय, दोन शब्दही कोणी बोललं नाही." मी उपासनेच्या पुस्तकात शोधले. मांजराच्या अंत्यविधीला तेथे परवानगी नाही, आणि मनाईही नाही. आयुष्यात प्रथमच मी पुराव्याअभावी पुढे गेलो.

खड्डा शेजारच्या शिंपीणबाईंच्या परसात होता, असे घड्याळजीला गल्लीतल्या पोरांकडून कळले होते. घड्याळजी चाकांच्या खुर्चीत, मांडीवर मांजरीचा फोटो. शिंपीणबाईंनी फोटो पाहिला आणि कंबरेवर हात ठेवले. "अगं बाई, ही तर आमची भामटी! रोज दुपारी माझ्याकडे जेवायची."

"राणी कुणाकडे जेवायची नाही!"

"जेवायची आणि शिलाईयंत्राच्या पायपट्टीवर झोपायची. मीच पुरली तिला, तुमची म्हणून नाही, माझी म्हणून."

दोघे माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा पाळकसाहेब, मांजर कोणाची?" ताई, स्वामित्वाविषयी चार पायऱ्यांचा निर्दोष युक्तिवाद माझ्या जिभेवर उभा होता. मी तो गिळला. घशाला लागला, पण गिळला. मग मी प्रार्थना केली. ती पाऊण मिनिटाची झाली आणि तिच्यात एकही आक्षेप नव्हता. आमेन म्हटल्यावर घड्याळजीने हळूच पुन्हा विचारले, "मग? आहे का ती तिथे?" मी म्हणालो, मला माहीत नाही. "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर!" असे म्हणून तो रडला, शिंपीणबाई रडल्या, आणि माझ्या चष्म्यावर परसातली धूळ बसली असावी.

अहवाल अर्ध्या पानाचा झाला. बाईंनी उत्तीर्ण केले.

तुझ्या कुत्र्याला मी कायम 'तो प्राणी' म्हणत आलो. त्याचे नाव मला ठाऊक होते. उच्चारण्याइतके ते मला महत्त्वाचे वाटले नाही. तो कसा होता, हे मी तुला तेव्हा विचारायला हवे होते. आता विचारतो. उत्तराला दोनपेक्षा अधिक वाक्ये लागली तरी मी मध्ये बोलणार नाही. त्या दिवशी मी चुकलो. युक्तिवादात नव्हे (तो मी परवा पुन्हा तपासला), तर तो करण्यात.

रविवारची उपासना नऊला आहे. प्रभू तुझे दोन्ही गुडघे राखो.

तुझा,
पंडित
(हे नाव तू मला टोमणा म्हणून ठेवले होतेस. वर्गात अद्याप कोणाला सांगितलेले नाही.)

ता.क. : या पत्राला गुण आहेत का, असे मी बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "नाहीत." खेदाने नमूद करतो की वरील क्षमायाचना पूर्णतः फुकट गेली आहे.

ता.क. २ : हे पत्र टपालाने न येता चिमणीच्या हाती का आले आणि तिच्या दुसऱ्या हातातली टोपली का हलते आहे, हे प्रश्न तुला पहिल्याच ओळीला पडले असतील. राणी ऊर्फ भामटी हिने एक पिल्लू मागे ठेवले आहे. घड्याळजीला वाकता येत नाही, शिंपीणबाईंकडे कापड आहे, आणि 'प्रार्थना तुम्ही केलीत, आता जबाबदारी तुमची' या दोघांच्या युक्तिवादात मला दोष सापडला नाही. आठ दिवस ते माझ्या खालच्या खणात होते. काल वसतिगृहाच्या अधीक्षकांनी त्याचा आवाज ऐकला. तू त्याला ठेवून घेतले नाहीस, तरी वरचा एकही शब्द मी मागे घेणार नाही. क्षमायाचना आणि मांजर ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. (तू हसते आहेस. चिमणीला मी पाहून सांगायला सांगितले आहे.)

ता.क. ३ : टोपली शिंपीणबाईंची आहे आणि त्यांना ती परत हवी आहे. ती चिमणीबरोबर पाठवू नकोस. रविवारी तू स्वतः घेऊन ये. रिकामी.