सत्त्याऐंशी सालच्या शिराझची वाटणी

मी, थेकला लिडिया मिबुस, वय वर्षे ८१, अविवाहित, राहणार मिबुस बाग, टनुंडाच्या पूर्वेस, बरोसा खोरे, साउथ ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मुख्य गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. घर, वाइनचा कारखाना, अवजारे आणि बेचाळीस एकर बाग माझ्या दिवंगत भावाचा मुलगा ट्रेंट मिबुस याला मिळावी. अट एकच. टेकडीच्या अंगाला पणजोबांनी लावलेल्या शिराझच्या वेली उपटू नयेत. फळ थोडे देतात, हे मलाही कळते. पण काळ्या तुतीची, ज्येष्ठमधाची आणि शेवटी जिभेवर रेंगाळणाऱ्या मिरीची चव त्यांच्याच द्राक्षांना आहे. बांधावरच्या झाडांकडून वारा आला, त्या वर्षी निलगिरीचाही किंचित गारवा येतो. सपाटीवरच्या नव्या वेलींची वाइन मुरंब्यासारखी लागते. पहिल्या घोटाला गोड वाटते आणि दुसऱ्याला कंटाळा येतो.

२. ईडन खोऱ्यातल्या रिस्लिंग या पांढऱ्या वाइनच्या, साल २००२, बारा बाटल्या वर्तमानपत्रात वाइनवर लिहिणारे श्री. रोलंड फिंच यांना द्याव्यात. नवी असताना तिला लिंबाच्या सालीचा आणि ओल्या दगडी पाटीचा वास होता. पुढे माझ्या एका जुन्या रिस्लिंगला केरोसीनचा वास येतो, सबब ती बिघडली आहे, असे त्यांनी छापले. मुरलेल्या रिस्लिंगला तो वास येतोच, मधाच्या आणि भाजलेल्या पावाच्या वासाच्या जोडीने. तो दोष नव्हे, वय आहे. आता त्यांचेही झाले आहे. कळेल.

३. शेजारीण ग्लेनिस लीब हिला काकड्या मुरवायची मातीची बरणी द्यावी. ती तिच्या आईची होती, हे मी चाळीस वर्षे नाकारत आले. तिच्याच आईची आहे.

४. भावजय वेरा हिला रदरग्लेनच्या मस्कॅट या गोड वाइनचे लहान पिंप. तिच्या लग्नात हीच वाढली होती. मनुका, काकवी, वाळलेली संत्र्याची साल, आणि घशाखाली उतरायला ती घाई करत नाही. सदतीस वर्षे वेरा दर रविवारी माझ्यासाठी केक घेऊन येते आणि मी तो खाते. पुढचे कलम ऐकल्यावर तिने हे पिंप मोरीत उपडे केले, तरी हरकत घेण्याचा मला हक्क नाही.

५. हे कलम वकिलांनी गाळू नये.

दोन एप्रिल १९८७, गुरुवार. जुन्या वेलींची शिराझ आंबून तयार झाली होती. सकाळी आम्ही ती चौथ्या टाकीतून पिंपांत काढून घेतली. तळाशी सालींचा चोथा उरला. तो फावड्याने उपसायला माझा धाकटा भाऊ, वेराचा नवरा ऑस्विन आत उतरला. आंबताना सुटणारा वायू हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. म्हणून पंखा चालू ठेवायचा आणि तोंडाशी एक माणूस उभा करायचा. आतला माणूस अधूनमधून फावड्याने पत्र्यावर ठोकतो. ठोकणे थांबले की दोर ओढायचा.

त्या दिवशी पहारा आमचा कामगार मर्विन पास्को याचा होता. मीच त्याला पलीकडच्या शेडात नळी आणायला पाठवले. म्हटले, मी थांबते.

माझ्या हातात त्याच वाइनचा पेला होता. आमच्या वाइनचे वर्णन मी लिहायची, आणि खोऱ्यात माझ्या त्या दोन ओळींना मान होता. त्या घोटात मला असे काही सापडले की शब्द ओठांवर आले. ते निसटतील म्हणून मी कचेरीत गेले. ऑस्विन आतून हसत ओरडला, ‘‘थेक, लिहून झालं का?’’ तो नेहमीच अशी चेष्टा करायचा. पंखा बंद पडल्याचे मला कळले नाही. दोन ओळी लिहिल्या, एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला. परत आले तेव्हा ठोकणे थांबलेले होते.

चौकशीत मी सांगितले की पहाऱ्यावर मर्विन होता. त्याला उभे केले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘मी जागेवर नव्हतो.’’ ते खरे होते. कोणी पाठवले, हे कोणी विचारले नाही. पुढे खोऱ्यात त्याला कोणी कामावर घेतले नाही. बायकोला घेऊन तो रेनमार्कला संत्र्यांच्या बागांत गेला.

त्या शिराझला पदक मिळाले. माझ्या दोन ओळी लेबलावर छापल्या गेल्या. तेव्हापासून कोणतीही लाल वाइन नाकाशी नेली की आधी फळ येते, मग मिरी, आणि त्यामागून ओल्या लोकरीचा आणि ऑस्विनच्या तंबाखूचा वास येतो. पत्र्यावरची ठोक ऐकू येते. तो विचारतो, लिहून झालं का. मी इतरांच्या चवी सांगत राहिले, स्पर्धांत पदके वाटत राहिले, आणि तो वास एकदाही कागदावर उतरवला नाही.

यंदा ऑगस्टमध्ये मी रेनमार्कला गेले. मर्विनने दार उघडले, मला ओळखले, चहा ठेवला. मी विचारले, तेव्हा बोलला का नाहीस?

‘‘बाई, चौकशीला तुमची आई पहिल्या बाकावर बसली होती. तिचा एक गेला होता. दुसरीला मी कसा नेणार?’’

मी बागेचा अर्धा हिस्सा देऊ केला. तो म्हणाला, बाग नको, लिहून द्या. त्याची बायको मरेपर्यंत विचारत राहिली, तू खरंच पळून गेला होतास का. खरे सांगितले असते तर ती गप्प बसली नसती, म्हणून त्याने तिलाही सांगितले नाही.

हे माझ्या अंत्यविधीच्या वेळी वाचावे, असे मी सुचवले. मर्विन कपाकडे बघत म्हणाला, ‘‘मी ऐंशीचा होतोय. तुमच्या मरणाची वाट कशी बघू?’’

म्हणून उद्या रविवारी, केक कापण्याआधी, हे कलम मी वेराला स्वतः वाचून दाखवणार आहे. एक प्रत चर्चच्या फळ्यावर लागेल. पत्र्यावरचा तो आवाज थांबलेला नाही. तो थांबावा म्हणून मी हे लिहीत नाही.

६. सत्त्याऐंशीच्या शिराझच्या तेरा बाटल्या उरल्या आहेत. त्या विकू नयेत. माझ्या अंत्यविधीला लेबले काढून उघडाव्यात. तिची चव मी कोणाला सांगणार नाही. ज्याची त्याने घ्यावी.

ठिकाण : मिबुस बाग, बरोसा खोरे
दिनांक : २ नोव्हेंबर २०२४, शनिवार

सही : थेकला लिडिया मिबुस

आम्हा दोघांच्या देखत सही केली :

साक्षीदार १ : नोएल ग्रोक, पास्टर

साक्षीदार २ : मर्विन पास्को, वय ७९, रेनमार्क. कलम पाच मला वाचून दाखवले. त्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्या दिवशी मला बाईंनी पाठवले होते.