तिसऱ्या डब्यातला दिवा

मी, सावळीराम लहानू पगारे, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त, राहणार जेल रोड, नाशिक रोड, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके शाबूत आहे. नसते, तर चिरंजीवांचे वायरिंग मला पसंत पडले असते.

१. राहते घर मुलगा संघर्ष व मुलगी राखी यांना समान वाट्याने. वरच्या खोलीतली टेबलावरची छोटी रेल्वे मात्र संघर्षला अजिबात नाही. मी दवाखान्यात असताना त्याने हौसेने डब्यांत एलईडी पट्ट्या बसवल्या. पांढऱ्याफेक! पॅसेंजर आहे की ऑपरेशन थिएटर? शिवाय थेट रुळाच्या करंटला जोडल्या. गाडी पुढे जाताना उजेड, मागे येताना करंट उलटा, म्हणून अंधार. विचारले तर म्हणतो, "पप्पा, मागं आणायचीच कशाला?" गेलेल्या गाडीने परत यायचे नसते, हे मला या वयात कळले.

२. पकडी व सोल्डरिंग आयर्न राखीला. जावईबापूंच्या हाती देऊ नये. ते त्याने शर्टाला इस्त्री करतील.

३. पंचवटीतले मल्हारी गायखे पूर्वी माझे मित्र होते. या छोट्या रेल्वेची गाडी थांबली की रुळातला करंट बंद होतो आणि डब्यातले दिवेही. माझी पत्नी लताबाई दर वेळी म्हणायची, "स्टेशनातच अंधार? उतरणाऱ्याला पायरी दिसायला नको का?" मल्हारीने डब्याखाली घड्याळाचा सेल लावायचे सुचवले. करंट चाकांतूनच आला पाहिजे. सेल लावणे म्हणजे उपवास धरून चोरून मिसळ खाणे. तसे मी तोंडावर म्हणालो. त्याने मी रुळांसाठी बनवलेल्या पुलाला गटाराचा पाइप म्हटले. तेव्हापासून बोलणे बंद आहे.

४. लता गेल्यावर मी तिची नखाएवढी मूर्ती रंगवली आणि तिसऱ्या डब्यात खिडकीशी बसवली. हिरवे पातळ. गाडी स्टेशनात थांबते आणि ती दिसेनाशी होते. रोज. मला ते सहन होत नाही.

५. सबब संपूर्ण रेल्वे, त्या पुलासह, मल्हारीला द्यावी. ही माफी समजू नये. संघर्ष ती शोकेसमध्ये ठेवेल. मल्हारी चालवेल, मला नावे ठेवायला का होईना. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गाडी त्यानेच चालवावी. पांढऱ्या पट्ट्या काढून पिवळे दिवे बसवावेत.

मल्हारी, तिसऱ्या डब्याला सेल लाव. माझ्या हयातीत नाही, तेवढे सुख मी तुला देणार नाही. नंतर लाव. आणि स्टेशनात गाडी जरा जास्त वेळ थांबव.

खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. मल्हारीला मुद्दाम बोलावले नाही. त्याने मजकुरातही चुका काढल्या असत्या.

सही: सावळीराम लहानू पगारे

साक्षीदार:
जीवन काशिनाथ अहिरे
योगेश दगडू निकम

नाशिक रोड, ९ नोव्हेंबर २०२५